मधुमेहाचं निदान झालं: पहिले तीन महिने

माझ्या वडिलांना मधुमेह निघाला त्या दिवशी घरात लगेच दोन गोष्टी बंद झाल्या: चहातली साखर आणि रात्रीचा भात. गोळी सुरू झाली आणि सगळ्यांना वाटलं, झालं, आता काळजी नाही. डोळ्यांचा पडदा पहिल्यांदा तपासला तो नऊ वर्षांनी, पेपर वाचताना अक्षरांवर काळे ठिपके तरंगायला लागले तेव्हा. लेझर करून एक डोळा बराचसा वाचला, दुसऱ्याने आज त्यांना जेमतेम दिसतं. त्या नऊ वर्षांत त्यांनी पथ्य मोडलं नव्हतं. फक्त काही मोजलं नव्हतं आणि काही तपासलं नव्हतं.

पुढे मलाही ४४व्या वर्षी तोच आजार निघाला, तेव्हा मी काय बंद करायचं याआधी काय बघायचं याची यादी केली. खाली जे सांगते आहे ते त्याच क्रमाने.

रिपोर्ट नीट वाचा

उपाशीपोटी साखर १२६ किंवा जास्त, ग्लुकोज पाजून दोन तासांनी केलेल्या चाचणीत २०० किंवा जास्त, किंवा एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा जास्त, यांपैकी काही असेल तर मधुमेह म्हणतात. एचबीएवनसी ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. त्रास काहीच नसेल आणि एकच आकडा जरासा वर असेल, तर दुसऱ्या तपासणीने खात्री केल्याशिवाय शिक्का मारून घेऊ नका.

एचबीएवनसीला आपल्याकडे ‘तीन महिन्यांची साखर’ म्हणतात, ते बरोबरच आहे. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते आणि तेवढ्या काळात तिच्यावर किती साखर चिकटली हे ही चाचणी सांगते. ७ टक्के म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४, ८ म्हणजे १८३, ९ म्हणजे २१२. पण लाल पेशींमध्येच काही गडबड असेल तर आकडा फसवतो. लोह कमी असलेल्या बाईचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त येऊ शकतो. नुकतंच रक्त चढवलं असेल तरी त्यावर विसंबता येत नाही. पाळीत खूप रक्तस्राव होत असेल, हिमोग्लोबिन कमी असेल, तर डॉक्टरांना हे आपणहून सांगा.

अजून एक प्रश्न विचाराच: हा नक्की टाइप टूच (मोठेपणी सहसा होणारा प्रकार) आहे ना? वय कमी, अंगाने बारीक, काही आठवड्यांत भराभर वजन उतरलंय, घरात कुणाला मधुमेह नाही, असं असेल तर टाइप वन असू शकतो, ज्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही, आणि त्याला सुरुवातीपासून इन्सुलिनच लागतं. साखर ३००च्या वर असून उलट्या, पोटदुखी, धाप किंवा ग्लानी असेल तर मात्र अपॉइंटमेंटची वाट पाहू नका, त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

पहिल्या पंधरा दिवसांतल्या तपासण्या

टाइप टू गुपचूप येतो. निदान आज झालं तरी साखर कित्येक वर्षं वाढलेली असू शकते, म्हणून ‘आत्ताच तर निघालाय, डोळे-किडनी पुढे बघू’ हा हिशेब चुकीचा आहे. आमच्या घरात तो चुकला.

डोळ्यांत थेंब घालून बाहुली मोठी करून पडदा तपासतात, ती तपासणी हवी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं वेगळं. थेंबांनंतर काही तास धूसर दिसतं, तेव्हा दुचाकी घेऊन जाऊ नका. आणि नवा चष्मा लगेच करू नका. साखर वर-खाली होताना डोळ्यातल्या भिंगाचा फुगवटा बदलतो आणि नंबर हलतो. साखर स्थिरावल्यावर काही आठवड्यांनी केलेला नंबर टिकतो, नाहीतर पैसे वाया जातात.

किडनीसाठी दोन तपासण्या लागतात: रक्तातलं क्रिएटिनिन, त्यावरून काढलेल्या ईजीएफआरसह (किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज), आणि लघवीतल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचं क्रिएटिनिनशी प्रमाण. दुसरी सहसा विसरली जाते, आणि नेमकी तीच लवकर इशारा देते. ३०च्या खाली असेल तर चांगलं. याशिवाय कोलेस्टेरॉल, लिव्हर, बीपी. बीपी बहुतेकांना १३०/८०च्या खाली ठेवायला सांगतात, कारण मधुमेहात हृदयाचा धोका एकट्या साखरेने ठरत नाही. तंबाखू, मिश्री, सिगारेट यांतलं काही असेल तर त्याचा वाटा कुठल्याही गोडापेक्षा मोठा आहे.

पैशांची अडचण असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात विचारा. तिशीपुढच्या लोकांची साखर आणि बीपी तिथे तपासतात आणि नेहमीच्या गोळ्याही मिळतात. जन औषधी केंद्रात मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड बाजारापेक्षा बऱ्याच स्वस्त पडतात.

गोळी: काय विचारायचं

‘आधी पथ्याने बघतो, गोळी एकदा लागली की सुटत नाही’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. गोळीची सवय लागत नाही. लागलेली गोळी टाळल्याने मात्र नुकसान होतं. ब्रिटनमध्ये १९७७ ते १९९७ अशी वीस वर्षं नव्या रुग्णांवर एक मोठा अभ्यास झाला. त्यात सुरुवातीला साखर घट्ट आवरलेल्या लोकांना पुढे दहा वर्षांनंतरही फायदा दिसत होता, मधल्या काळात त्यांची आणि साधे उपचार घेतलेल्या दुसऱ्या गटाची साखर सारखी झालेली असूनसुद्धा. पहिल्या महिन्यांना इतकं वजन आहे ते यामुळे.

मेटफॉर्मिन बहुधा पहिली असते. ती जेवणासोबत किंवा जेवण झाल्या झाल्या घ्यायची. पहिल्या आठवड्यात पोट बिघडतं, मळमळतं, म्हणून डोस हळूहळू वाढवतात. तरी त्रास राहिला तर सावकाश विरघळणारी गोळी मागा. त्या गोळीचं टरफल कधीकधी शौचात जसंच्या तसं दिसतं. घाबरायचं नाही, औषध आत गेलेलं असतं. वर्षानुवर्षं घेतल्यावर बी-१२ कमी होऊ शकतं. शाकाहारी माणसात ते अनेकदा आधीच कमी असतं, त्यामुळे अधूनमधून तपासायला हवं. पायांना मुंग्या येणं मधुमेहानेही होतं आणि बी-१२च्या कमतरतेनेही.

प्रत्येक नव्या गोळीबद्दल मी एकच प्रश्न आधी विचारते: ‘हिच्याने साखर एकदम खाली जाऊ शकते का?’ ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइडबद्दल उत्तर ‘हो’ असतं. अशी गोळी घेऊन जेवण टाळायचं नाही आणि रिकाम्या पोटी दारू तर अजिबात नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने हा धोका फारसा नसतो. आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच गोळीत असतात, त्यामुळे पाकिटामागचा बारीक मजकूर वाचायला शिका. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी गोळी साखर लघवीवाटे बाहेर काढते. ती घेत असाल तर पाणी पुरेसं प्या आणि जननेंद्रियाजवळ खाज आली तर लाजून गप्प बसू नका. निर्जळी उपास, जुलाब, उलट्या अशा वेळी ती थांबवायची का हे आधीच विचारून ठेवा.

ग्लुकोमीटर: आपलं शरीर ओळखायचं साधन

बहुतेक लोक सकाळी उठून एकदा बोट टोचतात, आकडा बघतात, खूश किंवा नाराज होतात आणि यंत्र ठेवून देतात. त्यातून शिकायला काही मिळत नाही. मला उपयोग झाला तो जोडीने तपासण्याचा. जेवायला बसण्याआधी एकदा आणि पहिल्या घासापासून दोन तासांनी पुन्हा. दोन आकड्यांतला फरक सांगतो की त्या जेवणाने काय केलं.

पहिल्या आठवड्यात मी रोज एकच जेवण निवडलं. कांदेपोह्यांच्या आधी १२१, नंतर २०८. मी हादरले, कारण पोहे आमच्याकडे ‘हलके’ समजले जातात. दुसऱ्या दिवशी पोहे निम्मे केले, त्यात मोड आलेली मटकी आणि मूठभर शेंगदाणे घातले, वर एक उकडलेलं अंडं. आधी ११८, नंतर १५९. पोहे सुटले नाहीत, बदलले. तुमचे आकडे वेगळे येतील, कारण तीच बशी दोन माणसांत दोन तऱ्हेने वागते. म्हणूनच स्वतः मोजायचं. इडली, भाकरी-पिठलं, वरणभात, रविवारची मिसळ, एकेक करून सगळ्यांची पाळी येऊ द्या.

बोट टोचण्याआधी साबणाने हात धुवून कोरडे करा. आंबा सोललेल्या बोटाचं रक्त घेतलं तर आकडा भलताच येतो. बोटाच्या टोकापेक्षा कडेला टोचलं तर कमी दुखतं. स्ट्रिपची डबी लगेच बंद करा, पावसाळ्यात तर नक्कीच. मुदत बघा. आणि घरचं यंत्र लॅबपेक्षा १५ टक्के इकडे-तिकडे दाखवू शकतं, तेव्हा १३२ आणि १४० यांत भांडण लावू नका.

बहुतेक मोठ्या माणसांसाठी उपाशीपोटी ८० ते १३०, जेवल्यावर दोन तासांनी १८०च्या आत आणि एचबीएवनसी ७च्या आत हे लक्ष्य असतं. सत्तरीपुढचं माणूस, हृदयाचा किंवा किडनीचा आजार असेल तर डॉक्टर मुद्दाम सैल लक्ष्य देतात. शेजाऱ्याचं लक्ष्य आपल्याला लावू नका.

ताट

मधुमेहात पिठूळ पदार्थ मोजायचे असतात, आणि मराठी ताटात ते चोरपावलाने शिरतात. वरणभात, सोबत चपाती, बटाट्याची भाजी, एखादा पापड: यातल्या चार गोष्टी पिठूळ आहेत आणि ‘भाजी’ म्हणून जी आहे तीही त्यातच. मी ताट असं वाढून घेते: अर्ध्या भागात पालेभाजी, फळभाजी, कोशिंबीर, पाव भागात उसळ, घट्ट वरण, पनीर, अंडं किंवा मासे, उरलेल्या पावात भाकरी किंवा चपाती किंवा भात. यांपैकी एकच. जेवायला सुरुवात कोशिंबिरीने आणि उसळीने, भाकरी-भात शेवटी. या नुसत्या क्रमानेही जेवणानंतरचा चढ कमी होतो, आणि हे तुम्ही यंत्रावर स्वतः पडताळू शकता.

भाकरीबद्दल एक स्पष्ट बोलायला हवं. ज्वारी, बाजरी, नाचणी चांगली आहे, तिच्यात चोथा आहे, पोट भरलेलं राहतं. पण भाकरीत पीठच असतं. ‘भाकरी आहे ना, मग चालतंय’ म्हणून तीन खाल्ल्या तर दोन चपात्यांपेक्षा साखर जास्त चढेल. गूळ आणि मध यांचंही तसंच. गुळाचा चहा म्हणजे साखरेचाच चहा, रंग वेगळा. चहाचं मात्र गणित एकदा कराच: दिवसाला चार कप, कपाला दोन चमचे, म्हणजे आठ चमचे, साधारण ४० ग्रॅम साखर. मी दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले. महिन्याभरात बिनसाखरेचा चहा चहासारखा लागायला लागला.

उपासाचा दिवस हा आपल्याकडचा खास घोटाळा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. त्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वर केळं आणि खजूर, असा उपास साखरेला जेवणापेक्षा जड जातो. एकादशी सोडायची नसेल तर थोडी भगर आणि भरपूर शेंगदाण्याची आमटी, ताक, काकडीची कोशिंबीर, पनीर, असं काही जमवा. आणि साखर खाली नेणारी गोळी असेल तर त्या दिवशीच्या डोसाबद्दल आधी विचारा.

फळं सोडू नका. पेरू, पपई, संत्रं, सफरचंद, एका वेळी एक छोटं फळ किंवा वाटीभर फोडी. रस नको, उसाचा तर नकोच. हापूसच्या दोन-तीन फोडी, त्याही जेवणाला लागून नाही, तर मधल्या वेळी नुसत्या. आमरस-पुरीच्या ताटाला मी अजून कुठलीही युक्ती शोधू शकलेले नाही. तो वर्षातून एकदा खाते, पुरणपोळीही तशीच, आणि त्या दिवशी बाकीचं पिठूळ बाजूला ठेवते. ‘डायबेटिक’ लिहिलेली बिस्किटं, लाडू विकत आणण्यात काही अर्थ नाही. त्यात मैदा आणि तूप असतंच.

‘पण मी तर बारीक आहे’

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२. हातपाय काटकुळे आणि चरबी पोटाच्या आत, अशी आपली ठेवण असते. म्हणून वजनकाट्यासोबत शिवणकामाची टेपही वापरा. पुरुषांची कंबर ९० सेंटिमीटर आणि बायकांची ८० ओलांडत असेल तर पोटावरची चरबी उतरवणं हे औषधाइतकंच महत्त्वाचं काम आहे.

जेवणानंतर शतपावली घालायची पद्धत आपल्याकडे होतीच. तिला १० ते १५ मिनिटांवर न्या, विशेषतः सगळ्यांत जड जेवणानंतर. चालताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात आणि परिणाम त्याच तासात यंत्रावर दिसतो. आठवड्याला एकूण १५० मिनिटं भरभर चालणं, आणि दोन दिवस स्नायूंवर ताण येईल असं काही: खुर्चीतून हात न टेकता वीस वेळा उठबस, भिंतीला हात लावून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. ‘दिवसभर घरात उभीच असते’ असं मीही म्हणायचे. त्याने थकवा येतो, पण एवढा फरक पडत नाही. आधी छातीत दुखत असेल, धाप लागत असेल तर व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवा.

पाय

रोज रात्री दोन मिनिटं. तळवे, टाचा, बोटांच्या बेचक्या. खाली वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवा, किंवा घरच्या कुणाला सांगा. मधुमेहात पायाची जाणीव हळूहळू बोथट होते. जखम दुखत नाही, म्हणून कळत नाही, आणि तिथून सुरू झालेली गोष्ट बोट कापण्यापर्यंत जाते.

आपल्याकडे पायांवर वेळ येते ती ठरलेल्या ठिकाणी. पावसाळ्यात चिखल्या, म्हणून पाय धुवून बेचक्या कोरड्या करायच्या, तेल-मलम बेचक्यांत लावायचं नाही. देवळाच्या फरशीवर भर दुपारी अनवाणी, तिथे मोजे घालून जा, देवाची हरकत नसते. अनवाणी वारीचा किंवा परिक्रमेचा नवस असेल तर आधी पायाची संवेदना तपासून घ्या. डॉक्टर एका नायलॉनच्या तंतूने तळव्याला स्पर्श करून ते बघतात. गरम पाण्याची पिशवी पायांना लावायची नाही, कुरूप ब्लेडने कापायचं नाही, कुरुपाची पट्टीही चिकटवायची नाही. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

साखर उतरली तर

घाम फुटणं, हात थरथरणं, धडधड, एकदम भूक, चिडचिड, बोलणं असंबद्ध. शक्य असेल तर तपासा, ७०च्या खाली असेल किंवा तपासता येत नसेल तर लगेच तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून प्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढीच. मग काहीतरी खा. पेढा किंवा चॉकलेट या वेळी कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धतेमुळे साखर उशिरा चढते. तुमच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साध्या साखरेपेक्षा मेडिकलमध्ये मिळणारी ग्लुकोज पावडरच घ्या, कारण ही औषधं साखरेचं पचन लांबवतात. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ला फोन लावा. हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेवा. त्या वेळी तुम्ही सांगण्याच्या स्थितीत नसाल.

कडू चूर्ण

निदानाची बातमी फुटली की आठवड्याभरात कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड आणि विजयसारच्या लाकडाचा पेला घरी येऊन पोहोचतो. कारल्याची भाजी आनंदाने खा. पण ‘मधुमेह मुळापासून बरा’ अशी जाहिरात करणंच आपल्याकडे १९५४च्या कायद्याने गुन्हा आहे, हे फार थोड्यांना माहीत असतं. बिनलेबलच्या पुड्यांमध्ये साखर उतरवणाऱ्या ॲलोपथीच्या गोळ्या कुटून घातलेल्या सापडल्या आहेत. म्हणून तर त्यांनी ‘गुण’ येतो, आणि म्हणूनच आधीच्या गोळीवर ती पुडी धोक्याची ठरते. काहीही घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका.

तीन महिन्यांनी

एचबीएवनसी पुन्हा करा. आधी केलं तर जुन्या पेशींचाच हिशेब येईल. वही घेऊन जा, जोड्यांचे आकडे दाखवा. आकडा उतरला नसेल आणि डॉक्टर दुसरी गोळी किंवा इन्सुलिन म्हणाले, तर त्यात तुमचा पराभव शोधू नका. स्वादुपिंडाची ताकद प्रत्येकाची वेगळी असते.

गोळ्या सुटू शकतात का, हा प्रश्न या भेटीत विचारण्यासारखा आहे. स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडमधल्या डायरेक्ट या अभ्यासात, निदानाला सहा वर्षं न झालेल्या वजनदार लोकांनी देखरेखीखाली वजन उतरवलं, तेव्हा वर्षाच्या शेवटी ४६ टक्के लोकांची साखर गोळ्यांशिवाय मधुमेहाच्या पातळीखाली आलेली होती. १५ किलो किंवा जास्त उतरवणाऱ्यांत ८६ टक्के. आजार कायमचा गेला असं नाही, वजन परतलं की तोही परततो, त्यामुळे तपासण्या चालूच ठेवाव्या लागतात. तिथे गोळ्या पहिल्या दिवशीच डॉक्टरांनी थांबवल्या होत्या. ग्लिमेपिराइड घेत असताना मनाने उपासमार केली तर साखर धोकादायक उतरेल.

माझा आकडा ८.४ वरून ६.७ वर आला, एका गोळीवर. पडद्याच्या तपासणीची पुढची तारीख मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनने लिहिली. आता दरवर्षी मी आणि वडील एकाच दिवशी जातो. परतताना दोघांच्याही डोळ्यांत थेंब असतात, म्हणून गाडी चालवायला भाऊ येतो.